पेढीवरून : विचारले एकाला, घेतले दुसऱ्याकडून

या सदरातून मी आजवर बहुधा गिऱ्हाइकांविषयी लिहीत आलो. गिऱ्हाईक कसे बोलते, कशाला भुलते, उधारी कशी थकवते, हे सांगताना आपण दुकानदार मंडळी नेहमी गल्ल्याच्या या बाजूस बसून बोलतो. या महिन्यात मात्र मी स्वतः गिऱ्हाईक म्हणून कसा वागलो ते सांगणार आहे. लिहिताना संकोच वाटतो, कारण ज्या वागण्याबद्दल मी गेली चार-पाच वर्षे इतरांना नावे ठेवली, तेच मी पुण्यात केले.

जळगावात आमचे शिवणयंत्रांच्या सुट्या भागांचे दुकान आहे. वडिलांनी सुरू केले, मी वाढवले, आता मुलगा पाहतो. शटल, बॉबिन केस, पट्टे, सुया, दाबपट्टीचे पाय, तेलाच्या कुप्या असा बारीकसारीक माल. या धंद्यात नफा मालात असतो असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात तो ओळखण्यात असतो. धरणगावचा शिंपी तुटलेला तुकडा रुमालात बांधून आणतो आणि त्याला कोणता भाग लागेल हे आम्ही पाहताक्षणी सांगतो. हे सांगणे आम्ही कधी बिलात लावले नाही. ते मालाच्या किमतीतच धरलेले होते.

अलीकडे चित्र बदलले. गिऱ्हाईक येते, तुटका भाग दाखवते, आम्ही कपाटातून नेमका भाग काढून देतो, ते मोबाईलवर त्याचा फोटो घेते, डबीवरचा क्रमांक टिपते आणि "घरी विचारून येतो" म्हणून निघून जाते. ते परत येत नाही. दोन दिवसांनी कुरिअरवाला त्याच्या दारी पोचतो. गेल्या दिवाळीत हिशेब मांडताना मुलगा मला म्हणाला, "बाबूजी, काउंटर ठेवून आपण फुकट शाळा चालवतो आहोत. दुकान भाड्याने देऊ आणि गोदामातून पार्सल पाठवू." मी त्या रात्री नीट जेवलो नाही. त्याचे म्हणणे चुकीचे होते असे म्हणता येत नव्हते, आणि बरोबर आहे असे म्हणवत नव्हते.

हा वाद घरात धुमसत असतानाच नातवाच्या रेल्वेचे प्रकरण उपटले.

नातू नववीत आहे. त्याला लहान प्रमाणातील आगगाड्यांचे वेड आहे, आणि त्यातही त्याला पाचोरा-जामनेर गाडीच हवी होती. आपल्या भागातील जुन्या वाचकांना ‘पीजे’ सांगायला नको. पाचोऱ्याहून निघून शेंदुर्णी, पहूर करीत जामनेरला पोचणारी 56 किलोमीटरची ती नॅरोगेज गाडी. माझे आजोळ शेंदुर्णीचे. सुटीत आम्ही भावंडे पाचोऱ्याला मोठ्या गाडीतून उतरून तिच्यात बसत असू. वळणावर ती इतकी हळू चाले की मोठी मुले उतरून पुन्हा चढत आणि मामा खिडकीतून ओरडत. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदीत ती थांबली ती पुन्हा तशी धावली नाही. आता त्या मार्गाचे ब्रॉडगेज व्हायचे आहे. नातू तिच्यात एकदाच बसला, आठ वर्षांचा असताना, माझ्या शेजारी. ती गाडी त्याला घरातल्या फळीवर हवी होती. शेंदुर्णी स्टेशन त्याने पुठ्ठ्याचे स्वतःच करून ठेवले होते, प्रमाण 1:87. म्हणजे खऱ्या 87 फुटांचा येथे एक फूट. या प्रमाणाला त्या जगात ‘एचओ’ म्हणतात.

मे महिन्यात आम्ही महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला गेलो. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी छंदातून उभे केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. 1998 साली ते लोकांसाठी खुले झाले. एका माणसाच्या आवडीतून केवढे काम उभे राहते हे पाहण्यासाठी तरी आपल्या मुलांना तेथे न्यावे. नातू काचेला नाक लावून उभा राहिला तो निघेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही अशा साहित्याच्या एका लहान दुकानात गेलो. दुकान जेमतेम दहा बाय बाराचे. मालक पन्नाशीचे. त्यांनी नातवाला प्रथम विचारले, "कोणती गाडी करायची आहे?" किंमत किती परवडेल हे विचारले नाही. पीजेचे नाव ऐकताच त्यांनी कागद घेतला आणि आकडे मांडले.

"पीजेच्या दोन रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर. त्याला 87 ने भाग, 8.76 येतात. बाजारात 9 मिलिमीटरचा रूळ मिळतो, पण तो ‘एन’ म्हणून विकला जातो, म्हणजे याहून लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी. तू रूळ आणि चालता सांगाडा एनचा घे, आणि त्यावर इंजिनाची व डब्यांची अंगे एचओच्या मापाने बसव. युरोपात याच पद्धतीला ‘एचओई’ म्हणतात."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काका, गंमत पाहा. आपली मोठी लाईन 1676 मिलिमीटरची. 87 ने भागली तर 19.26 यायला हवेत. पण बाजारातला एचओचा रूळ 16.5 चा, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या 1435 च्या लाईनवरून ठरला. त्यामुळे आपली डेक्कन क्वीन करणाऱ्याला रुळात तडजोड करावीच लागते. तुमच्या नातवाची पीजे मात्र पाव मिलिमीटरच्या फरकाने बरोबर बसते. ज्या गाडीला कोणी विचारीत नव्हते, तीच नेमकी बसते!"

त्यांनी नातवाला तीन सांगाडे चाचणीच्या रुळावर चालवून दाखवले. एक हळू चालताना अडखळत होता. तो त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला. वळणाची त्रिज्या किती ठेवावी, डबे जोडणारे आकडे कोणते घ्यावेत, वीज चाकांतून कशी येते, चाकांवर मळ साचला की काय होते, हे सारे सांगितले. पाऊण तास गेला. सांगाड्याची किंमत 6,400 रुपये होती. मी रुळाचे एक पाकीट घेतले आणि म्हणालो, "बाकीचे घरी विचारून कळवतो."

ते वाक्य तोंडातून गेले तेव्हा मला काहीच वाटले नाही. आज ते आठवले की कान गरम होतात.

घरी मुलाने मोबाईलवर शोध घेतला. "30 इंची नॅरोगेजसाठी" असे वर्णन असलेला एक सांगाडा 5,550 रुपयांना दिसला. 762 मिलिमीटर म्हणजे बरोबर 30 इंच. हे गणित आम्हा दोघांनाही आले. साडेआठशे रुपये वाचत होते. पुण्याच्या दुकानदाराने दिलेला कागद समोर ठेवूनच आम्ही मागणी नोंदवली.

पार्सल आले. नातवाने उघडले आणि गप्प झाला. सांगाडा पुठ्ठ्याच्या स्टेशनसमोर ठेवला तर अंग बसवल्यावर इंजिन स्टेशनच्या छपराहून उंच जाणार हे उघड दिसत होते. वर्णन खोटे नव्हते. तो सांगाडा 30 इंची गाडीचाच होता, पण 1:48 या प्रमाणातला. त्या प्रमाणात सहा फुटांचा माणूस 38 मिलिमीटरचा होतो. आमच्या स्टेशनवरचा माणूस 21 मिलिमीटरचा होता. शिवाय त्याची चाके 16.5 मिलिमीटरच्या रुळाची होती, आमचा रूळ 9 चा. प्रमाण किती हे त्या वर्णनात खाली बारीक अक्षरांत लिहिलेले होते. आम्ही वरचे ठळक वाचले.

विक्रेत्याशी बोललो. तो सभ्यपणे म्हणाला, माल वर्णनाप्रमाणे आहे, पेटी उघडलेली आहे, परत घेता येणार नाही. येथे वाचकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 आणि त्याखालील 2020 चे ई-कॉमर्स नियम ग्राहकाला बराच आधार देतात. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा असेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रार 48 तासांत पोच करावी लागते आणि महिन्याभरात तिचे निवारण करावे लागते. दाद मागायची तर विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे अर्ज करता येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक 1915 आहे. पण माल वर्णनाप्रमाणे असेल आणि आपणच चुकीचे मागवले असेल, तर कायदा काय करील? आमची फसवणूक झाली नव्हती. आम्हाला विचारायला कोणी नव्हते, इतकेच. आणि ज्याला विचारले होते त्याच्याकडून आम्ही घेतले नव्हते.

महिन्याभराने मी एकटाच पुण्याला गेलो. पार्सल त्यांच्या टेबलावर ठेवले आणि जे झाले ते सांगितले. ते रागावले नाहीत. पेटी उघडून पाहिली आणि म्हणाले, "सांगाडा चांगला आहे, तुमच्या कामाचा नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "काका, सल्ल्याचे पैसे मी कधी वेगळे घेत नाही. ते मालात असतात. माल दुसरीकडून घेतलात म्हणजे सल्ला तसाच उचलून नेलात."

चाळीस वर्षे दुकान चालवूनही हे वाक्य मला कोणा गिऱ्हाइकाला बोलून दाखवता आले नव्हते. ते मला ऐकावे लागले.

त्यांनी पुढे काय केले तेही सांगतो. 1:48 मध्ये काम करणारा एक जण मुंबईत त्यांच्या माहितीचा होता. त्यांनी सांगाडा ठेवून घेतला आणि दोन महिन्यांनी आपले दहा टक्के कापून मला 4,050 रुपये पाठवले. नातवाचा सांगाडा मी 6,400 लाच घेतला. साडेआठशे वाचवण्याच्या नादात दीड हजार आणि पुण्याची एक खेप गेली. हा आकडा मी मुद्दाम आमच्या रोजमेळात वेगळ्या ओळीत लिहून ठेवला आहे.

माझा पुतण्या लेस्टरला असतो. त्याला हे कळवले तेव्हा तो म्हणाला, तिकडे या छंदाची मोठमोठी प्रदर्शने भरतात. तिकीट काढून लोक आत जातात, हौशी मंडळींनी केलेल्या गाड्या पाहतात, आणि त्याच दालनात व्यापाऱ्यांच्या टेबलांच्या रांगा असतात. कोणाकडे फक्त चाके, कोणाकडे फक्त आकडे, कोणाकडे लहानशी झाडे, कोणाकडे जुनी इंजिने. असा माल एका जागी पाहायला मिळतो, टपालखर्च नाही, आणि टेबलामागचा माणूस बहुधा स्वतःच तो छंद करणारा. या धंद्याचे आणि जत्रेचे नाते जुनेच आहे. मेर्क्लिन या जर्मन कंपनीने रुळांच्या ठरावीक मापांची पद्धत मांडली ती 1891 साली लाइपझिगच्या जत्रेतच. एका कारखान्याचा डबा दुसऱ्या वर्षी घेतलेल्या रुळावर चालावा, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा येईल, हा साधा व्यापारी विचार त्यामागे होता.

जुन्या मालाच्या बाबतीत प्रत्यक्ष पाहण्याला आणखी एक कारण आहे. पूर्वीच्या काही इंजिनांची अंगे जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली असत. त्यात शिशाचा अंश राहिला असेल तर वर्षानुवर्षांनी ते ओतकाम आतून फुगते, बारीक भेगा पडतात आणि एके दिवशी हातात भुगा येतो. रंग मात्र वरून चकचकीत असतो. फोटोत ते इंजिन नवेकोरे दिसेल. जाणकार व्यापारी ते हातात घेऊन उजेडात तिरके धरतो आणि चाकाजवळची कड पाहतो. ही नजर मोबाईलच्या पडद्यात नाही.

आपल्या खानदेशाला हे नवे नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. घोडा कोणी नुसत्या फोटोवरून घेत नाही. त्याला चालवून पाहतात, दात पाहतात, खूर उचलून पाहतात, आणि आणणाऱ्या व्यापाऱ्याची दोन पिढ्यांची ओळख काढतात. धुळ्याचे आमचे व्याही म्हणतात, "सारंगखेड्याला आपण घोडा घेत नाही, घोडेवाल्याचा शब्द घेतो." इंजिनाचे, शिवणयंत्राचे आणि विहिरीवरच्या पंपाचेही असेच आहे.

तथापि केवळ ऑनलाइन विक्रीला शिव्या घालून आपले भागणार नाही. इंग्लंडमधीलच दोन गोष्टी पाहा. बर्मिंगहॅमला वॉर्ली येथील क्लब दरवर्षी मोठे प्रदर्शन भरवीत असे. नोव्हेंबर 2023 चे त्यांचे शेवटचे ठरले. लिव्हरपूलला 1946 साली सुरू झालेल्या हॅटन्स या नामांकित पेढीने जानेवारी 2024 मध्ये धंदा बंद करण्याचे जाहीर केले. यावरून कोणी म्हणेल, पाहा, ऑनलाइनने जुन्यांना खाल्ले. पण हॅटन्स स्वतःच टपालाने आणि ऑनलाइन माल पाठवणारी मोठी पेढी होती! म्हणजे जो मुलगा मला म्हणतो की काउंटर बंद करून पार्सल पाठवू, त्याच्यासाठीही यात धडा आहे. पार्सल पाठवणे हा एकटा धंदा झाला की आपल्याहून स्वस्त पाठवणारा कोणीतरी निघतो, आणि उद्या कारखानदारच थेट गिऱ्हाइकाच्या घरी पोचवतो. मग मधल्या माणसाने कोणत्या कामाचे पैसे घ्यायचे, हा प्रश्न काउंटर असो वा नसो, उरतोच.

प्रदर्शनाचे गणितही दुकानदाराने समजून घ्यावे. दालनाचे भाडे नुसत्या तिकिटांवर निघणे कठीण. व्यापारी टेबलाचे भाडे देतात तेव्हा ते जुळते. लोक प्रदर्शनात येऊन माल हाताळतील, व्यापाऱ्याला विचारतील आणि घरी जाऊन दुसरीकडे मागवतील, तर व्यापारी पुढच्या वर्षी टेबल घेणार नाही. टेबले कमी झाली की तिकीट वाढते, तिकीट वाढले की माणसे घटतात. शेवटी ज्याने साडेआठशे वाचवले त्यालाच पुढच्या वेळी माल हाताळायला जागा उरत नाही. नुकसान एका दुकानदाराचे दिसते, पण ते सगळ्या बाजाराचे असते.

दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. आपल्या देशात अशा छंदाची दुकाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलाला दर वेळी पुण्या-मुंबईला जाणे शक्य नाही. ठरावीक मापाचा रूळ, तारा, रंग, गोंद, एकदा जोखून घेतलेलाच भाग पुन्हा हवा असेल तर घरी मागवणे सोयीचे, आणि त्यात काही गैर नाही. मात्र परदेशातून स्वतः मागवणाऱ्यांनी करांचा हिशेब आधी करावा. खेळण्यांवरचे मूळ आयातशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70 टक्के. वर जीएसटी आणि कुरिअर कंपनीचे शुल्क. दहा हजारांचे इंजिन दारात येईतो किती पडेल ते कागदावर मांडल्याशिवाय बटण दाबू नये. शिवाय चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना 2021 पासून बीआयएसचे चिन्ह सक्तीचे आहे; लहान मुलासाठी घेताना ते चिन्ह पाहावे, दुकानातून घ्या वा घरी मागवा.

चिन्हावरून आपल्या जळगावच्या सोन्याची आठवण होते. दूरदूरच्या जिल्ह्यांतून लोक जळगावला सोने घ्यायला येत आले, ते पेढीच्या शब्दावर. आता हॉलमार्क सक्तीचा आहे. 2023 च्या एप्रिलपासून दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही. म्हणजे शुद्धतेची हमी जी पूर्वी शेठजींच्या तोंडी होती, ती आता शिक्क्यात आली. याने सराफाची गरज संपली का? नाही. घडण, दुरुस्ती, मोड, मुलीच्या मनगटाला बसेल ते माप, हे शिक्का सांगत नाही. मला यातून एक सरळ नियम दिसतो. ज्या गुणाची हमी शिक्का, क्रमांक किंवा बंद पेटी देऊ शकते, तो माल कोठूनही घ्या. जो गुण जुळण्यावर, बसण्यावर आणि चालवून पाहण्यावर आहे, तो जाणत्याच्या हातून घ्या. आणि जाणत्याचे ज्ञान घेतले तर माल किंवा मोबदला, यांपैकी एक त्याच्या गल्ल्यात ठेवून या.

आपल्या श्रावकाचारात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे आणि नकली मालाचा व्यवहार यांची नावे आपण लहानपणापासून ऐकतो. ती बहुधा विकणाऱ्याला लावली जातात. घेणाऱ्यालाही त्या व्रताची बाजू आहे, हे मला पुण्याच्या त्या दहा बाय बाराच्या दुकानात उमगले.

आता आमच्या दुकानाचे. पुण्याहून आल्यावर मी आणि मुलगा समोरासमोर बसलो. स्वस्त सांगाडा त्याने शोधला होता आणि पैसे मी दिले होते, त्यामुळे दोघांपैकी कोणालाच दुसऱ्याला बोल लावता येत नव्हता. वादाची धार त्यानेच कमी झाली. धुळ्याच्या व्याह्यांना विचारले. पाच कंदीलाजवळ त्यांचे पंपाच्या भागांचे दुकान. त्यांनी वर्षभरापूर्वीच एक रीत सुरू केली आहे : शेतकरी पंपाचा तुटका भाग घेऊन आला की तपासणीचे 50 रुपये घ्यायचे, पावती द्यायची, आणि भाग त्यांच्याचकडून घेतला तर ते 50 बिलातून वजा करायचे. पहिले दोन महिने लोक कुरकुरले. एकाने तर पावती फाडून टाकली. मग साक्रीकडचा एक शेतकरी ती पावती घेऊन ऑनलाइन मागवलेला भाग परत करायला बसला असताना, पावतीवर लिहिलेले माप पाहून त्याची चूक त्यालाच कळली. आता लोक पावती मागून घेतात.

आम्हीही तसेच केले. सुयांची पाकिटे, तेल, पट्टे असा ठरावीक माल आम्ही नेटवरच्या भावाच्या जवळपास आणला. त्यात नफा नाही, पण भांडणही नाही. मुलाने व्हॉट्सॲपवर मालाची यादी ठेवली आणि एरंडोल, पारोळ्याच्या शिंप्यांना पार्सल सुरू केले. काउंटरवर एक पाटी लावली : "आधी यंत्र सांगा, मग भाग घ्या. आम्ही सुचवलेला भाग बसला नाही तर बदलून देऊ." आणि तपासणीची पावती.

परवाच एक ताई आल्या. घरच्या मशीनसाठी त्यांनी ऑनलाइन सुयांची दहा पाकिटे मागवली होती. स्वस्त मिळाली म्हणून. त्या कारखान्याच्या मशीनच्या, डीबी-एक जातीच्या, गोल दांड्याच्या होत्या. घरच्या मशीनला एचए-एक लागते, जिच्या दांड्याची एक बाजू चपटी असते. सुई बसतच नव्हती आणि त्यांना वाटत होते मशीन बिघडली. मुलाने दोन्ही सुया त्यांच्या तळहातावर ठेवून बोटाने फरक दाखवला, पावतीवर ‘एचए-एक, 14 नंबर’ असे लिहून दिले. त्या म्हणाल्या, "भाऊ, या दहा पाकिटांचे काय करू?" मुलगा म्हणाला, "ठेवून जा ताई. एक कारखानेवाले आहेत, त्यांना लागतात. विकली की पैसे कळवतो."

मी गल्ल्यावर बसून ऐकत होतो. पुण्याच्या दुकानदाराने माझ्याबाबतीत जे केले तेच तो करीत होता, आणि हे मी त्याला शिकवले नव्हते.

यातून दुकान टिकेलच असे मी म्हणत नाही. तपासणीच्या पावत्यांतून नोकराचा अर्धा पगार निघतो, इतकेच आज सांगू शकतो. पुढच्या दिवाळीला वही पुन्हा उघडू आणि पुन्हा बसू. पण काउंटर बंद करण्याची गोष्ट मुलाने त्यानंतर काढलेली नाही.

नातवाची पीजे पर्युषणाच्या आधी तयार झाली. इंजिनाचे अंग त्याने पुठ्ठा आणि प्लास्टिकच्या पत्र्यातून केले आहे, रंग जरा जाड बसला आहे, आणि शेंदुर्णीच्या वळणावर ती अडखळते. पुण्याला फोन केला तेव्हा दुकानदार म्हणाले, "चाके पुसा, मग रूळ पुसा." त्याने पुसली. आता ती जामनेरपर्यंत जाते. फोन ठेवताना मी त्यांना विचारले, या सल्ल्याचे किती झाले? ते म्हणाले, "काका, तुमचे खाते चालू आहे."